शीप्सहेड आमिष खातो पण लागत नाही: जुन्या खांबांपाशी गरवताना

प्रश्न असा आला आहे. मूळचे देवगडकडचे, सध्या साऊथ कॅरोलायनात चार्ल्सटनला राहायला आलेले एक वाचक वांडो नदीतल्या एका मोडक्या लाकडी धक्क्यापाशी गरवायला जातात. काळ्या पट्ट्यांचे शीप्सहेड मासे खांबांभोवती डोळ्यांना दिसतात. कोळंबी लावून गळ सोडला की दोन मिनिटांत रिकामा गळ वर येतो आणि मधे चावल्याचं हाताला काहीच कळत नाही. गळ 3/0 चा, लीडर (म्हणजे मुख्य दोरी नि गळ यांच्यामधला वेगळ्या दोरीचा तुकडा) अडीच फुटांचा, वर एक औंस शिसं. हात अजून चपळ करावा का, बोट घ्यावी लागेल का, आणि एवढं करून मासा खायला चांगला आहे का, असं त्यांनी विचारलंय.

हात चपळ करून काही होणार नाही. इथले जुने गरवणारे नव्या माणसाला हसत सांगतात की शीप्सहेड चावायच्या क्षणभर आधी झटका मारायचा. ते ऐकून लोक रॉड आवळून उभे राहतात आणि प्रत्येक टकटकीला हिसका देतात. तुमचं आमिष जातंय त्याची कारणं वेगळी आहेत. गळ मोठा, आमिष मऊ, आणि शिसं नि गळ यांच्यात अडीच फूट सैल दोरी. खाली मासा जेवतोय ही खबर तुमच्या बोटांपर्यंत यायला रस्ताच नाही.

हा मासा खातो कसा ते बघा. त्याच्या तोंडात पुढे माणसासारखे रुंद, सपाट दात असतात आणि मागे वरच्या-खालच्या जबड्यांत गोल दाढांच्या ओळी. खांबावर बार्नॅकल चिकटलेली असतात. पांढरट, बोथट शंकूसारखी कवचं, ज्यांच्यावरून तळवा फिरवला तर सोलून निघेल. पुढच्या दातांनी तो ती तोडतो, दाढांखाली चुरडतो, मांस गिळतो आणि कवचाचा चुरा तोंडातून बाहेर टाकतो. हे सगळं जागच्या जागी, शांतपणे चालतं. घास घेऊन पळायचं त्याला कारण नसतं, कारण त्याचं अन्नही पळत नाही. म्हणून दोरीला ओढ बसत नाही. तुमची कोळंबी तो दातांच्या टोकात धरतो, मांस चिमटून काढतो आणि एवढा मोठा गळ ओठांच्या बाहेरच राहतो.

तेव्हा गळ लहान करा. 1 नंबर किंवा फार तर 1/0, आखूड दांड्याचा, जाड तारेचा आणि नखावर टेकवला की रुतेल इतका धारदार. पातळ तारेचे गळ घेऊ नका, दाढांखाली सापडले की वाकतात. शिसं अंड्याच्या आकाराचं, अर्धा ते एक औंस, लीडरमध्येच ओवलेलं आणि घसरून थेट गळाच्या डोळ्याला टेकेल असं. म्हणजे गळ, शिसं आणि तुमचा हात एका सरळ रेषेत येतात. शिशाच्या डोक्यातच गळ बसवलेले जिग मिळतात, तेही उत्तम. मुख्य दोरी 20 ते 30 पौंड ताकदीची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, कारण नायलॉन ताणतं आणि त्या ताणातच खबर विरून जाते. लीडर 30 पौंडांचा फ्लुरोकार्बन, दीड फूट पुरे. ब्रेड बार्नॅकलच्या धारेला घासली की सुतासारखी तुटते, लीडर लावायचा तो मुख्यतः त्यासाठी. रॉड सात फुटांचा, कण्याला ताठ आणि टोकाला नरम. रीलच्या ब्रँडवरून डोकं पिकवू नका.

आमिषाला फिडलर खेकडा. नराची एक नांगी जवळजवळ अंगाएवढी असते तो. ओहोटीला स्पार्टिना गवताच्या कडेने चिखलाच्या उतरणीवर त्यांचे थवे हिंडत असतात. बादली आडवी टाकायची आणि दोघांनी मिळून त्यांना तिच्यात हाकलायचं. गमबूट मात्र घाला, त्या चिखलात कालवांच्या शिंपा उभ्या रुतलेल्या असतात आणि पाय कापतात. बादलीत पाणी भरून ठेवू नका, गर्दीत गुदमरून मरतात. तळाला ओलं गवत किंवा ओला कपडा आणि सावली दिली की दिवसभर टिकतात. लावताना अंगठ्याच्या नखाएवढा खेकडा घ्या, मोठा नको. मोठी नांगी मोडून टाका. मागचा एक पाय मुळापासून काढा आणि त्या भोकातून गळाचं टोक आत सरकवून दुसऱ्या बाजूला जेमतेम दिसेल इतकं बाहेर काढा. पाठीच्या कवचातून आरपार घातलात तर कवच चिरतं आणि पहिल्याच चाव्याला खेकडा सुटतो. अशा लहान खेकड्याला मासा चिमटत बसत नाही, अख्खाच तोंडात घेऊन दाढांकडे नेतो. गळ दाढांपर्यंत जायला हवा आणि तो खेकड्याच्या पोटात बसूनच जातो. थंडीत फिडलर बिळात जातात, तेव्हा शिंपांखालचे लहान खेकडे, शिणाणे किंवा कालवाचं मांस चालतं. कोळंबी शेवटचा पर्याय, कारण खांबाजवळच्या सगळ्या पोरसवदा माशांना तीच आवडते.

आता खांब. या विषयात सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवावा, आणि लोक नेमका इथेच घालवत नाहीत. पहिल्या दिसलेल्या खांबाला दोरी सोडतात.

एकदा तळाच्या ओहोटीला, रॉड घरी ठेवून, नुसतं बघायला जा. नव्या धक्क्यांच्या खांबांना बऱ्याचदा प्लॅस्टिकचं वेष्टण असतं. त्यांच्यावर थोडंफार धरतं, पण जुन्या लाकडाची सर नाही. जुना पाईनचा खांब ओळखू येतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तो झिजून बारीक झालेला असतो, लाकूड पोखरणाऱ्या शिपवर्मने आतून चाळण केलेली असते, आणि त्या भेगांत खेकड्यांची वस्ती असते. वरून खाली नजर फिरवली तर थर दिसतात. सर्वांत वर शेवाळाचा काळपट पट्टा, मग राखाडी बार्नॅकल, त्याखाली कालवांचे झुबके, आणि बुडाशी गळून पडलेल्या कवचांचा ढीग. या थरांत ताजे वण शोधा. मासा बार्नॅकल तोडतो तेव्हा तिचं बूड लाकडाला चिकटून राहतं आणि तिथे गोल, चुनखडी पांढरा डाग दिसतो. जुन्या डागांवर आठवड्याभरात शेवाळाची छटा चढते, ताजा डाग स्वच्छ पांढरा असतो. असे डाग एका खांबावर ओळीने दिसले आणि शेजारच्या चार खांबांवर दिसले नाहीत, तर तुमचा खांब ठरला. डाग किती उंचीवर आहेत तेही लक्षात ठेवा. भरतीला मासा तिथवर चढून येतो म्हणजे भरतीला आमिष तळाला न सोडता त्याच उंचीला धरायचं.

तुमच्या मोडक्या धक्क्याचा फायदा असा की वरच्या फळ्या गेल्या तरी खालच्या तिरक्या पट्ट्या, पडलेले खांब आणि मोडके तुकडे पाण्याखाली शिल्लक असतात. आडवा पडलेला खांब उभ्यापेक्षा बरा, कारण त्याच्याखाली आडोसाही असतो. नदीच्या बाजूचे, खोल पाण्यातले कोपऱ्याचे खांब आधी बघावेत. पोलराइज्ड चष्मा असेल तर भरतीला खांबाच्या कडेने मासा आडवा होऊन खरवडताना लकाकतो ती चमक दिसते. पण एक सांगतो: दिसणारा मासा तुम्हालाही बघत असतो. खांबावर सावली पडू देऊ नका.

पाण्याचा हिशोब तुम्ही देवगडचे असल्यामुळे लवकर कळेल. चार्ल्सटनच्या बंदरात भरती-ओहोटीत साधारण पाच-साडेपाच फुटांचा फरक पडतो. मुंबईचं उधाण पाहिलेल्याला हे काहीच वाटणार नाही, पण नद्यांच्या अरुंद पात्रात त्याची ओढ जोरदार असते. शीप्सहेडला जोराच्या ओढीत आमिष दाखवणं अवघड, कारण ते खांबापासून वाहून जातं आणि एक हात लांब गेलं तरी त्याच्या दृष्टीने ते नाहीच. पाणी फिरण्याच्या आधीचा नि नंतरचा पाऊण तास धरून चला. इथे एक मेख आहे. तक्त्यात दिलेली वेळ पाण्याच्या उंचीची असते. ओढ त्याच क्षणी थांबत नाही. नदीत आत गेल्यावर पूर्ण भरतीनंतरही पाणी काही वेळ नदीच्या वरच्या दिशेने वाहत राहतं, आणि प्रत्येक जागेचा हा फरक आपला आपण पाहून ठेवायचा असतो. खांबाला अडकलेला फेस ज्या वेळी हलायचा थांबतो ती वेळ वहीत लिहा, तक्त्याशी ताडून बघा.

आणि दिवस निवडायचा तर भांगाचा, म्हणजे कमी भरती-ओहोटीचा. लोक सवयीने पौर्णिमा-अमावास्येला उत्साहाने निघतात. उधाणाला पाणी लवकर फिरतं आणि फिरलं की लगेच धावायला लागतं, हातात अर्धा तासही येत नाही. अष्टमी-नवमीच्या आसपास पाणी सुस्त असतं आणि एकाच खांबाशी तास-दीड तास निवांत काम करता येतं. फ्रिजवर कालनिर्णय लावलेलं असेल तर ते इथेही चालतं, चंद्र तोच आहे.

ओढ सुरू झाली तरी लगेच गाशा गुंडाळू नका. खांबाच्या मागे, म्हणजे प्रवाह जिकडे जातो त्या बाजूला, पाण्याला एक संथ खिसा तयार होतो. मासेही तिथेच येऊन थांबतात. शिसं थोडं वाढवून आमिष त्या खिशात सरळ खाली सोडा. दोरी उभी राहिली तर चालू ठेवा. तिरकी जायला लागली की बंद करा. तिरक्या दोरीने शीप्सहेड धरणारे असतील, पण मी तरी त्यात वेळ घालवत नाही.

दोरी खांबाला खेटून सोडा, इतकी की शिसं खाली जाताना कवचांवर घासल्याचा आवाज हाताला जाणवावा. तळाला टेकलं की फूटभर वर घ्या (किंवा डागांच्या उंचीला), आणि दोरी ताठ ठेवून रॉडचं टोक पाण्याजवळ आणा. इथून पुढे टकटक शोधायची नाही, वजन शोधायचं. दहा-पंधरा सेकंदांनी टोक अगदी सावकाश दोन-तीन इंच उचला आणि पुन्हा तितकंच खाली घ्या. चार वेळा केलं की त्या शिशाचं वजन हाताला पाठ होतं. मग एका उचलण्यात ते वजन जरा जास्त लागतं. शेवाळात अडकल्यासारखं, मऊ, न हलणारं. तो मासा आहे. खेकडा त्याच्या दाढांत आहे. कधी उलट होतं, वजन एकदम नाहीसं होतं, म्हणजे तो आमिष घेऊन वर सरकलाय. दोन्ही वेळी करायचं एकच: हिसका न देता रॉड उचलत न्यायचा आणि त्याच वेळी रील फिरवायचं. हिसक्याने गळ हाडावरून घसरून सुटतो. सतत दाब दिला तर तो जबड्याच्या कडेला जाऊन बसतो.

जी टकटकटक तुम्हाला जाणवते ती बहुधा पिनफिश या लहान माशाची असते. तिला उत्तर देऊ नका. पिनफिश आमिषच संपवायला लागले तर खेकडा थोडा मोठा लावा. जड, मठ्ठ ओढ येऊन वर तपकिरी, चपट्या डोक्याचा, विचित्र तोंडाचा टोडफिश आला तर त्याच्या तोंडाजवळ बोट नेऊ नका, पकडीने गळ काढा आणि सोडून द्या.

मासा लागल्यावरचे पहिले तीन-चार सेकंद निर्णायक असतात. तो सरळ खांबांच्या मधे शिरतो. ड्रॅग (रीलवरून दोरी किती जोराने सुटेल ते ठरवणारा ब्रेक) आधीच घट्ट लावलेला हवा. वर ओढण्यापेक्षा आधी बाहेर ओढा, खांबापासून आडवा, आणि मोकळ्या पाण्यात आणल्यावर मग दमाने वर घ्या. लीडर प्रत्येक माशानंतर बोटांत धरून तपासा. खरबरीत लागला की तेवढा कापून पुन्हा बांधा. जाळी घ्याच. पाठीवरचे काटे ताठ आणि तीक्ष्ण असतात, ओल्या फडक्याने डोक्याकडून शेपटीकडे दाबून धरावं.

खांब खरवडून चारा करायची इथे जुनी पद्धत आहे. फावड्याच्या कडेने ओंजळभर बार्नॅकल तोडून पाण्यात पडू द्यायची आणि दहा मिनिटं थांबायचं. चुऱ्याच्या वासाने मासे जमतात, हे खरं. पण दुसऱ्याच्या धक्क्याचे खांब खरवडू नका, आणि आपल्या जागेवरही ओंजळीवर थांबा, कारण तेच तर माशांना तिथे धरून ठेवतं. खासगी धक्क्याचं म्हणाल तर भरतीचं पाणी सगळ्यांचं, धक्का मालकाचा. त्यावर चढायचं नाही, त्याला बोट बांधायची नाही, आणि मालक बाहेर आला तर दोन शब्द बोलायचे.

बार्नॅकलने कापलं तर दुर्लक्ष करू नका. उन्हाळ्यात इथल्या कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जीवाणू असतो आणि तो जखमेतून शरीरात जातो. लगेच स्वच्छ पाणी आणि साबणाने धुवा. लाली पसरत गेली, सूज किंवा ताप आला तर सकाळपर्यंत थांबू नका, तडक इमर्जन्सीत जा. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांना धोका जास्त असतो, आणि आपल्यात मधुमेह घरोघरी आहे. हातमोजे घालून गरवायची लाज वाटून घेऊ नये.

हंगामाचं थोडक्यात: वसंतात पाणी तापलं की मासे खाड्यांत आणि धक्क्यांपाशी येतात, उन्हाळाभर असतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर बहारीचा. थंडीच्या अखेरीस मोठे मासे अंडी घालायला बाहेर, किनाऱ्यालगतच्या बुडीत रीफांवर जातात. साऊथ कॅरोलायनात किमान लांबी 14 इंच, माणशी दिवसाला 10 आणि बोटीला 30 अशी मर्यादा आहे. शेजारच्या राज्यांत आकडे वेगळे आहेत आणि ते बदलतात, तेव्हा परवाना काढताना चालू नियम बघून घ्या. एक माझं मत: हा मासा वीस वर्षांहून जास्त जगतो, आणि एका खांबाचे मासे दोन-तीन दिवसांत उपसून काढले तर तो खांब बराच काळ रिकामा राहतो. दोन घ्या, खांब बदला.

बोट? बंदराच्या तोंडाशी 19व्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या दगडी जेट्या आहेत, तिथले मोठे मासे हवे असतील तर लागेल. एरवी नाही. शीप्सहेडचा जागतिक विक्रम 21 पौंड 4 औंसांचा, 1982 सालचा, आणि तो न्यू ऑर्लिन्स शहरातल्या बायू सेंट जॉनमध्ये लागलेला मासा आहे, खोल समुद्रातला नव्हे. चार्ल्सटनशेजारच्या माऊंट प्लेझंटला पिट स्ट्रीटचा जुना पूल 1945 मध्ये नवा बेन सॉयर पूल झाल्यावर निकामी झाला. आता तिथे चालत जाऊन गळ टाकता येतो. तुमच्या हातात तर वांडोचा धक्का आहेच. कायाक असेल तर सोन्याहून पिवळं, फक्त ती खांबावर आदळू देऊ नका, आवाजाने मासे खाली दबतात.

खायला? उत्तम. आयुष्यभर खेकडे आणि शिंपले खाल्लेला मासा आहे, मांस पांढरं, घट्ट आणि किंचित गोडसर. साफ करणं मात्र कष्टाचं. खवले जाड, बरगड्या दणकट, आणि पाच पौंडांच्या माशातून मांस निघतं ते पाहून पहिल्यांदा हिरमोड होतो. सुरमईसारख्या आडव्या तुकड्या पाडायच्या फंदात पडू नका, सुरीची धार जाते. बरगड्यांच्या वरून दोन्ही बाजूंची फिलेट काढा, कातडी सोला, हळद-मीठ आणि आगळ लावून अर्धा तास ठेवा, मग मालवणी मसाला आणि रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. इथले लोक डोकं आणि सांगाडा फेकून देतात, तुम्ही देऊ नका. कल्ले काढून डोकं दोन फाकी करून घ्या आणि ओलं खोबरं, धणे, सुक्या मिरच्यांचं वाटण नि कोकम घालून पातळ कालवण करा. गालाचं मांस सगळ्यांत चांगलं, ते पोरांच्या हाती लागायच्या आत काढून घ्या. तिरफळं हाताशी नसतील तर चिनी दुकानातली सिचुआन मिरी घ्या, ती त्याच कुळातली आहे. पण बेताने, चार-पाच दाणे ठेचून. तिचा बधिरपणा तिरफळापेक्षा जास्त लागतो.